शेळीपुढचं वाचन

“दोन शेळ्या, बत्तीस मुलं, एक अख्खं सत्र, आणि टी आला पॉइंट एकोणीस,” असं म्हणत कांचन काळेलनं कागदांची चळत माझ्या टेबलावर ठेवली. बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

आमच्या कॉलेजातला एकुलता एक कॉम्प्युटर प्राचार्यांच्या केबिनमध्ये झालरीच्या कापडाखाली झाकून ठेवलेला असे, तेव्हाची ही गोष्ट. मी साताऱ्यात संख्याशास्त्र शिकवत होतो. मैदानापलीकडे शिक्षणशास्त्राचं कॉलेज होतं आणि तिथं पीएच.डी. करणाऱ्यांची पायवाट माझ्या टेबलापर्यंत पडलेली होती. येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असे, टी मूल्याच्या डोक्यावर एक चांदणी. दोन गटांच्या सरासरीत पडलेला फरक नुसत्या योगायोगानं सहसा पडत नाही, असं गणितातून निघालं की त्या आकड्यावर चांदणी छापतात. चांदणी मिळाली की माणूस पेढे घेऊन येई, नाही मिळाली की दुसरा कोणी हिशेब करणारा गाठी. मला या मंडळींचा उबग आला होता, खोटं कशाला बोलू. संशोधन कशावर आहे, हे विचारायचंही मी सोडून दिलं होतं. पण शेळ्या माझ्या टेबलावर आजवर आल्या नव्हत्या.

“शेळ्या कशाला?” मी विचारलं.

“ऐकायला,” ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण लावलं आणि खुर्ची मागे सरकवली. ती आता बसली.

“चौथीतली मुलं आहेत, सर. अडखळत वाचणारी. त्यांना वर्गात वाचायला उभं केलं की...”

“घाबरतात.”

ती थांबली. मग तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “चौथीतली मुलं आहेत, सर. अडखळत वाचणारी.” तिची ही रीतच होती, हे मला पुढे कळलं. मध्ये कोणी तोंड घातलं की तिचा धागा तुटे आणि ती पुन्हा मुळापासून निघे. आणि मध्ये तोंड घालण्यात माझा हात धरणारं त्या काळी साताऱ्यात फक्त एकच माणूस होतं, ते म्हणजे तिच्या मार्गदर्शक बावडेकर मॅडम. त्यामुळे त्या दिवशी तिची हकिगत पुरी व्हायला बराच वेळ लागला.

हकिगत अशी. कांचन माणदेशातली. लहानपणी शाळा सुटली की शेळ्या राखायची. वाचताना चुकलं की मास्तर पट्टी मारत, त्यामुळे वर्गात तिचं तोंडच उघडेना. मग ती माळावर पुस्तक न्यायची आणि शेळ्यांना धडा वाचून दाखवायची. शेळी पट्टी मारत नाही, हसत नाही, ‘पुन्हा वाच’ म्हणत नाही. त्या वर्षात ती वाचायला शिकली. पुढे स्वतः मास्तरीण झाली आणि पीएच.डी.ला नाव घातल्यावर तिनं हाच विषय धरला. म्हसवडच्या अलीकडे पळसमळा नावाच्या गावात मेंढपाळांच्या मुलांची वसतिशाळा होती. तिथली अडखळणारी बत्तीस मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. एका गटातल्या मुलांनी रोज दहा मिनिटं शेळीपुढे बसून मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्या गटानं तोच धडा, तितकाच वेळ, आपापला वाचायचा. आधी आणि नंतर, मिनिटाला किती शब्द बिनचूक वाचतात ते मोजायचं.

“आणि शेवटी दोन्ही गट सारखेच निघाले,” ती म्हणाली. “शेळीवाल्यांची सरासरी बावन्न, दुसऱ्यांची एक्कावन्न. दोन गटांत फरकच नाही, ही शून्य परिकल्पना काही फेटाळता येत नाही. मुदत मार्चअखेर संपते, मग नोंदणी रद्द. ते एक झालं.”

“आणि दुसरं?”

“दुसरं म्हणजे,” ती म्हणाली आणि या वेळी मी तोंड घातलं नसतानाही थांबली. “मी शेळ्यांना वाचून दाखवत होते, त्याचा काही उपयोगच झाला नव्हता का, सर? मी उगाच तसं धरून चालले होते का?”

कागद ठेवून जा, एवढं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बावडेकर मॅडम स्वतःच आल्या. पांढरी साडी, खांद्याला शबनम आणि हातात कायम लाल पेन. बाई मनानं वाईट नव्हत्या. आपली एकही विद्यार्थिनी रिकाम्या हातानं परत जाऊ नये म्हणून त्या जिवाचं रान करत. पण समोरच्याला वाक्य पुरं करू देणं त्यांना जमत नसे.

“शिंगटे, त्या काळेलचं जरा बघा. पोरगी हुशार आहे, पण बोलायला उभी राहिली की पार माती खाते. शेळ्या काय, मेंढ्या काय, मी आधीच सांगितलं होतं. असो. आता असं करा...”

“मॅडम, तो टी...”

“तेच सांगतेय. दोन्हीकडची चार-चार मुलं काढून टाका. अनियमित उपस्थिती असं कारण लिहू. कुठली काढायची ते तुम्हाला कळतंच.”

मला कळत होतंच. शेळीवाल्यांतली तळाची चार, दुसऱ्या गटातली वरची चार. त्या गेल्यावर मी कॅल्क्युलेटर ओढला आणि करून पाहिलं. टी तीनाच्या वर गेला. तक्त्यात जेमतेम दोनाच्या वरचा आकडा पुरेसा होता. आठ मुलं शाळेतून न हलवता नुसती कागदावरून उचलली आणि चांदणी हजर झाली.

संध्याकाळी कांचन आली तेव्हा मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. हे असं होऊ शकतं, करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणालो. तिनं काट मारलेल्या नावांवरून बोट फिरवलं.

“ही सुबाबाई वाघमोडे,” ती म्हणाली. “हिनं तर एकही दिवस चुकवलेला नाही. ताप होता तरी आली होती.”

“मॅडमना हे नाव काढून हवंय.”

“आत्ता मॅडमचं ऐकलं तर पदवी मिळेल. पण मग शेळ्यांचं खरं काय ते मला कधीच कळणार नाही.” तिनं कागद परत माझ्याकडे सरकवला. “सर, हा टी फरक किती पडला ते सांगतो का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. मी हरखलो आणि कँटीनच्या पोऱ्यानं आणून ठेवलेल्या चहाकडे बोट दाखवलं.

“टी फक्त एवढंच सांगतो, की या चहात साखर पडलीय असं म्हणायला आधार आहे का. किती पडलीय ते सांगत नाही. हजार जणांना चाखायला दिलात तर तो चिमूटभर साखरही शोधून काढतो. पाच जणांनाच दिलात तर चमचाभर साखरसुद्धा त्याच्या हातून निसटते.”

“मग किती ते कसं कळणार?”

“दोन सरासरींतला फरक घ्यायचा. मुलांच्या आपापसांत जे चढउतार असतात त्यांच्याशी तो ताडून बघायचा. म्हणजे प्रमाण विचलनानं भागायचं. पावाच्या आत आला तर लहान. अर्धा आला तर नजरेत भरण्याजोगा. एकाच्या घरात गेला तर वर्गात पाऊल टाकताच कळावा.” याला आता सगळे इफेक्ट साइज म्हणतात. तेव्हा आमच्याकडे ते कोणी वापरत नसे. मला एका परदेशी लेखाची झेरॉक्स मिळाली होती, तिच्यावरून मी हे शिकलो होतो आणि कोणाला तरी सांगावं म्हणून तळमळत होतो.

तिनं भागाकार केला. दोन गटांतला फरक एक शब्दाचा, मुलांचे आपापसांतले चढउतार पंधरा शब्दांचे. काहीच नाही म्हणावं इतका तो आकडा होता. तिचा चेहरा उतरला. पण कॅल्क्युलेटर तिनं खाली ठेवला नाही.

“आणि गट सोडून दिले तर? तेच मूल, आधीचं आणि नंतरचं?”

“करून बघा.”

शेळीवाली मुलं एकतीस शब्दांवरून बावन्नवर गेली होती. आकार आला एक पूर्णांक चार. दुसरी, आपापली वाचणारी, एकतीसवरून एक्कावन्नवर. सव्वाच्याही वर.

“मुलं वाढतातच की,” मी म्हणालो. “एवढ्या महिन्यांत शाळा काय करते मग?”

“नाही, सर. माझे उतारे सारख्या अवघडपणाचे आहेत ना, हे बघायला मी शेजारच्या गावच्या चौथीलासुद्धा दोन्ही वेळा वाचायला लावलं होतं. तीसुद्धा अशीच अडखळणारी मुलं.” तिनं चळतीच्या तळातून एक कागद काढला. “तिथं एकतीसची छत्तीस झाली. पाच शब्द.”

पाच भागिले पंधरा. तिसरा हिस्सा.

शेळीवाली मुलं वर गेली, ते समजण्यासारखं होतं. पण आपापलं वाचणारी, जिथं काहीच केलेलं नाही ती, शेजारच्या गावाच्या चौपट वर कशी गेली? टी म्हणत होता फरक दिसत नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेलाच प्रश्न वेगळा होता. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला आणि तो काही गप्प बसेना.

“तुमच्या त्या गुरुजींनी चोरून दुसऱ्या गटालाही शेळी दिली असणार,” मी म्हणालो.

“लोखंडे गुरुजी? शक्यच नाही. फार काटेकोर आहेत.”

“मग जाऊन बघू.”

“तुम्ही येणार?” तिनं विचारलं. एकही संख्याशास्त्रवाला आजवर आकड्यांच्या गावी गेल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे मीही ऐकलं नव्हतं.

शनिवारी आम्ही म्हसवडच्या एसटीत बसलो. फाट्यावर उतरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचा माळ, मध्ये बाभळी, आणि टोकाला शाळेच्या तीन खोल्या नि पत्र्याचं वसतिगृह. मुलांचे आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर चाऱ्यासाठी खाली कोकणात उतरलेले होते. प्रयोग संपला होता, तरी शेळ्यांचं येणं मुलांनी थांबू दिलं नव्हतं. एका लिंबाखाली एक पोर पुस्तक उघडून बसलं होतं आणि समोर एक काळी शेळी पाला चघळत उभी होती. ते पोर एका शब्दावर अडलं, मागे आलं, पुन्हा अडलं. शेळी चघळत राहिली. तिसऱ्यांदा शब्द सुटला आणि ते पुढे निघालं. मी दोनदा तो शब्द सांगण्यासाठी तोंड उघडलं होतं, दोन्ही वेळा कांचननं माझी बाही ओढली.

लोखंडे गुरुजींना मी आडून आडून विचारलं. त्यांना ते लागलं.

“बाईंनी सांगितलं होतं, दुसऱ्या गटाला शेळी नाही म्हणजे नाही. मी स्वतः उभा राहायचो तिथं. पाच वाजता शेळ्यांचा मालक त्यांना वस्तीवर घेऊन जातो. त्यानंतर या आवारात शेळीची लेंडीसुद्धा सापडायची नाही.”

त्यांच्याकडे बघून मला शंका उरली नाही. पाचच्याच एसटीनं कांचन दर वेळी परत जात असे. त्या दिवशीही आम्ही तीच धरायची, असं ठरलं होतं. पण मी मुलांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेत बसलो आणि गाडी चुकली. गुरुजी म्हणाले, साडेसातला शेवटची गाडी जाते, जेवून जा.

दिवेलागणीला वसतिगृहात पंगत बसली. ताराक्का नावाच्या बाई स्वयंपाक करायच्या आणि वाढायच्याही त्याच. बाजरीची भाकरी, झणझणीत कालवण, वर कांदा. वाढताना त्यांची नजर साऱ्या पंगतीवर फिरत होती. एका पोराच्या ताटात भाकरीचा मोठा तुकडा गेलेला दिसला, तर त्यांनी शेजारच्याच्या ताटात तेवढाच आणखी टाकला. आम्हीही त्याच पंगतीत होतो. पाहुणे म्हणून मला जास्तीचं काही मिळालं नाही.

जेवण झालं. मुलांनी ताटं घासली आणि दारात रांग लावली. ताराक्कांनी परातीतून निम्म्या मुलांच्या हातावर मूठ-मूठ फुटाणे घातले. मग मुलं जोडीजोडीनं भिंतीच्या कडेनं बसली. बत्तीसच्या बत्तीस. प्रत्येक जोडीत एक जण पुस्तक उघडून वाचायला लागला. दुसरा मांडी घालून, मान जराशी खाली करून, फुटाणे चावत बसला. कोणी कोणाला काही म्हणेना. खोलीभर वाचण्याचा गलका आणि फुटाण्यांची कुरकुर एवढंच ऐकू येत होतं.

कांचन उठून एका जोडीजवळ गेली. मीही गेलो. वाचत होता तो दुसऱ्या गटातला, आपापलं वाचणारा. त्याच्यासमोर चावत बसलेली अंजना हुलगे शेळीवाल्या गटातली होती.

“अंजना, हे काय चाललंय गं?” कांचननं विचारलं.

अंजनानं तोंडातले फुटाणे गिळले. “म्या शेळी हाय.”

“म्हणजे?”

“मला दिसाची शेळी असती. ह्येला न्हाई. म्हणून रातच्याला म्या ह्येची शेळी.”

“आणि शेळीनं काय करायचं?”

“हसायचं न्हाई. चुकलं म्हणायचं न्हाई. तोंड हलवत ऱ्हायाचं.”

“तोंड कशाला हलवायचं?” मी विचारलं.

अंजनानं माझ्याकडे पाहिलं. एवढंही कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता. “तोंडात काय आसलं की मग मधी बोलता येत न्हाई.”

माझ्या मागे ताराक्का येऊन उभ्या होत्या. “बाई, माझ्यावर रागावू नगा,” त्या कांचनला म्हणाल्या. “पयल्या दिवशी तुमी गाडीला गेलासा आन् हितं निस्ती रडारड. निम्म्यांस्नी शेळी आन् निम्मी कोरडी. एका पंगतीला बसवायचं नि एकाला वाढायचं, एकाला न्हाई, आसला पंक्तिप्रपंच माझ्या हातनं व्हायचा न्हाई. गुरुजी म्हणलं, त्यांस्नी शेळी द्यायची न्हाई. म्या म्हणलं, बरं, शेळी न्हाई तर न्हाई. मग तुमीच एकमेकांच्या शेळ्या व्हा.”

“हे रोज?” कांचननं विचारलं.

“एकबी दिस चुकला न्हाई.”

एरवी दिवेलागणीआधीच घरी जाणारे गुरुजी दारात थिजून उभे राहिले होते. त्यांनी दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता. दुसऱ्या गटाला शेळी मिळालीच नव्हती. अडचण एवढीच, की कोणाला उपाशी ठेवून कोणाला वाढायचं हे त्या घरात कोणाच्या डोक्यात बसण्याजोगंच नव्हतं, आणि आमचं सगळं शास्त्र तर नेमकं त्यावरच उभं होतं.

कांचन भिंतीला टेकून खाली बसली. आधी तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग दोन्ही एकदमच. “माझा प्रयोग मोडला, सर.”

“मोडला,” मी म्हणालो. “पण तुम्ही जे विचारत होता, त्याचं उत्तर कुठंतरी याच खोलीत आहे.”

अंजनाला हे बोलणं कळलं नसावं. तिनं आपल्या मुठीतले उरलेले फुटाणे माझ्या हातावर ओतले आणि कांचनच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. “तुमी वाचा बाई. हे सर शेळी हुतील.”

मुलांची नजर आमच्याकडे वळली, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही. मी मांडी घातली आणि फुटाणे तोंडात भरले. कांचननं वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला तिचा आवाज बारीक होता. एका ओळीशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं, पण तोंड भरलेलं होतं. ती पुढे निघाली. अख्खं पान तिनं न थांबता वाचलं, मग उलटून दुसरंही. तिचा आवाज इतका चांगला आहे, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्ही भांडलो म्हणायला हरकत नाही. ती म्हणत होती, म्हणजे शेळी आणि अंजना सारख्याच. मी म्हणत होतो, तसं म्हणता येणार नाही, फरक सापडला नाही एवढंच म्हणता येतं, नाहीच असं नव्हे. ती म्हणाली, मग शेजारच्या गावाशी तुलना? मी म्हणालो, ते गाव चिठ्ठ्या टाकून निवडलेलं नव्हतं, त्यामुळे तिथंही हात राखूनच बोलायला हवं. दहिवडीपर्यंत असं चाललं. शेवटी ती म्हणाली, “मग मी हेच लिहिते. घडलं तसं. ताराक्कांसकट.”

“मॅडम?”

“मॅडमना सांगायचं कसं, तेवढंच राहिलंय,” असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

सांगायची वेळ आली ती थेट समितीपुढे. मार्चचा तिसरा आठवडा, शिक्षणशास्त्राच्या कॉलेजचा छोटा हॉल. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. पहिल्या रांगेत मध्यभागी ते, त्यांच्या उजव्या हाताला लाल पेन घेऊन बावडेकर मॅडम, आणि मॅडमशेजारी सांख्यिकी सल्लागार म्हणून मी. आठ मुलं काढलेली नाहीत, हे मॅडमना त्याच सकाळी कळलं होतं आणि त्यांचा पारा चढलेला होता. मान्यता मिळाली नाही तर नोंदणी तिथंच संपणार होती.

“माझ्या संशोधनाचा विषय,” कांचननं सुरुवात केली.

“आधी समितीला नमस्कार,” मॅडम म्हणाल्या.

तिनं नमस्कार केला. “माझ्या संशोधनाचा विषय, अडखळत वाचणाऱ्या...”

“मोठ्यानं.”

“माझ्या संशोधनाचा विषय...”

“गृहीतकावर या, काळेल. विषय पुढ्यात छापलेला आहे.”

कांचन थांबली. पुन्हा पहिल्यापासून निघाली, पुन्हा अडवली गेली. पुण्याच्या तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. “थोडक्यात सांगा ना,” ते सौजन्यानं म्हणाले. “दोन गटांत सार्थक फरक नाही, असं दिसतंय. मग सांगण्यासारखं उरलं काय?”

टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती. उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं आणि माझी जीभ नुसती वळवळत होती. मी उठून दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं असतं, म्हणजे तिच्याऐवजी मीच पास झालो असतो. समोर चहाच्या कपांशेजारी बडीशेपेची बशी होती. मी मूठभर बडीशेप उचलली, तोंडात कोंबली, मान जराशी खाली केली आणि तिच्याकडे बघत सावकाश चावायला लागलो.

तिनं मला पाहिलं. आधी तिला कळलं नाही. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला.

“उरलं ते हे, सर,” ती तज्ज्ञांना म्हणाली, पण बघत होती माझ्याकडेच. “माझ्या प्रयोगात दुसऱ्या गटाला काहीच मिळू नये, अशी मी व्यवस्था केली होती. त्या शाळेत ती टिकली नाही...”

मॅडमनी मध्ये बोलायला श्वास घेतला. मी बडीशेपेची बशी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी सवयीनं चिमूटभर उचलली आणि तोंडात टाकली. तोंड भरल्यावर बोलणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे.

मग कांचन बोलत राहिली. रडणारी मुलं, पंगत, फुटाणे, एकमेकांच्या शेळ्या झालेली पोरं. टी काय सांगतो आणि काय सांगत नाही. तज्ज्ञ पुढे वाकून बसले होते.

“केवढा परिणाम आहे हा?” त्यांनी विचारलं.

“आकार सव्वाच्या वर येतो, सर. पण त्यावर मी स्वतःच पुरता विश्वास ठेवणार नाही. मला शेजारच्या गावात पुन्हा करून बघायचंय. या वेळी शेळीशिवाय. आणि कोणाला कोरडं न ठेवता, आधी निम्म्यांना, मग उरलेल्यांना.”

मॅडमनी बडीशेप गिळली. आता काय येतंय म्हणून मी अंग चोरलं. “मुदतवाढीची शिफारस मी लिहिते,” त्या म्हणाल्या. लाल पेन त्यांनी शबनममध्ये टाकलं आणि निळं काढलं.

वर्षभरानं शेजारच्या गावाचे आकडे आले. सव्वा काही राहिला नाही, अर्ध्याच्या थोडा वर आला. चांदणीही आली, पण तिच्याकडे आमचं लक्ष जायला उशीर झाला. कांचन पेढे घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, निम्म्याहून खाली आलाय, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, “अर्धा खरा आहे ना, मग मी माळावर वेळ वाया घालवला नव्हता.”

बावडेकर मॅडम आमच्या लग्नाला आल्या होत्या. अक्षता पडल्यावर त्यांनी भटजींना दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. मध्ये तोंड घालायची माझी खोड गेलेली नाही आणि कांचनचा धागा अजूनही तुटतो. काल रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं बडीशेपेची डबी माझ्यापुढे सरकवली. काहीतरी मोठं सांगायचंय, एवढं मला कळलं. मी मूठभर तोंडात टाकली, मान जराशी खाली केली आणि ऐकत बसलो.